तळ्याकडची खोली

४ मे

आमच्या खोलीत परकी माणसं पाय पसरून झोपलीत, आणि हे मला सामान घेऊन दारात उभी राहिल्यावर कळावं? बसमध्ये बसवून देताना तुझी वाचा गेली होती का?

चि. थोरल्यास आशीर्वाद. आज जरा कमीच.

लॉजची मालकीणबाई म्हणाली, दर जानेवारीत ती घरी कार्ड पाठवते. भरून परत आलं की मे महिन्यात खोली आपली, नाही आलं की दुसऱ्याची. एकतीस वर्षं तुझे बाबा भरत होते. ते जाऊन आठ महिने झाले, आणि तुला एक कार्ड पेटीत टाकवेना. मला चादरी-अभ्रे ठेवतात तिथे खाट टाकून दिलीय. खिडकी उघडली की समोर स्वयंपाकघराचं धुराडं.

काल ती माणसं फिरायला गेली तेव्हा आपल्या खोलीत डोकावून आले. खिडकीची कडी हे सुतळीने बांधायचे, तिथे आता पितळी कडी आहे. तळं तेवढं तसंच. हे गळ टाकून तासन्तास बसायचे, जन्मात एक मासा लागला नाही, आणि मी खिडकीतून टोमणे मारायची. यंदा टोमणे खायला कोणी नाही म्हणून तुला लिहितेय.

आणखी एक. सलग दोन वर्षं कार्ड आलं नाही तर त्या खोलीवरचा आपला हक्क जातो. कायमचा.

नातीचा खोकला थांबला का ते कळव.

तुझी आई

९ मे

ती. आईस कान धरून नमस्कार.

नातीचा खोकला गेला. आता दिवसभर आजी कधी येणार ते विचारते.

कार्ड आलं होतं. मी विसरलो नाही, ते माझ्या टेबलाच्या खणातच आहे. त्यावर ‘माणसं किती’ असा रकाना आहे. बाबा दर वर्षी दोन लिहायचे. मी तीनदा पेन उघडलं, पण एक लिहायला हात धजला नाही. मग म्हटलं, इतकी जुनी ओळख, ठेवतील खोली. तुला सांगायला तोंड नव्हतं.

तुझी सून म्हणते, आईंना तिथे अडगळीत ठेवू नका. रविवारी न्यायला येतो.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा थोरला

१३ मे

न्यायला यायचं नाही. मी काय विसरलेली छत्री आहे?

चि. थोरल्यास आशीर्वाद, आज पुरेसे.

अरे, एक लिहायला काय झालं? सकाळी चहाची घंटा झाली की मीही दोन कप उचलते आणि एक परत ठेवते. ठेवता येतो. माणूस गेलं, पण त्या खोलीने आपलं काय घोडं मारलंय?

पुढच्या वर्षीचं कार्ड मी आत्ताच मागून घेतलं. नाव, पत्ता, तारखा माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात भरल्यात. माणसांचा रकाना मुद्दाम कोरा ठेवलाय, तो तू भर. एक लिही नाहीतर चौघांचं लिही. चार लिहिलंस तर तू जमिनीवर झोपायचं, तेवढी शिक्षा तुला हवीच.

कार्ड सोबत आहे. महिनाअखेरीला मी इथून निघते, त्याच्या आत मालकीणबाईच्या हातात पडलं पाहिजे. सूनबाईचं अक्षर छान आहे, पण तिच्याकडून लिहून घेऊ नकोस. उत्तर तुझ्या हातचं हवं.

आई