वाडग्यावरचं तिसरं बोट

मात्सुए,
५ नोव्हेंबर १९७८

चि. चिसे हिस,
सेइगोदादाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली वाळवलेली काकीफळं पोचली. तुझ्या वहिनीने मला मोजून दोन दिली आणि बाकीची कपाटात कुलूपबंद केली. निमित्त माझ्या साखरेचं. खरं म्हणजे ती स्वतःच फस्त करणार.

आता कामाचं. वसंतात इथल्या संग्रहालयात तुझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आपल्या रांताइ सेन्सेईंच्या, भांड्यांचं प्रदर्शन भरतंय. माझ्याकडच्या सातही वस्तू मागितल्यात. त्यात वीस वर्षांपूर्वी घेतलेला माझा लाडका राखी वाडगा आहे, पण त्याला पेटी नाही. हरवली, असं दुकानदार म्हणाला होता. पेटीच्या झाकणावर घडवणाऱ्याचं नाव नसेल तर संग्रहालय वाडगा मांडणार नाही. सेन्सेई गेल्यापासून ते लिहिण्याचा मान तुझा. म्हणून नवी पेटी करून वाडग्यासकट पाठवतोय. दोन ओळी लिहून दे, म्हणजे झालं.

दुपारचा चहा मी त्यातच घेतो. झिलईत बुडवताना धरलेल्या तीन बोटांच्या खुणा बुडाजवळ राहिल्यात, त्यांवर माझी बोटं ठेवतो. तिसरी खूण आखूड आहे. येईल त्याला मी सांगतो, बघा ही चित्रकाराची नजर! दोन सारख्या रेघा ओढल्या आणि तिसरी मुद्दाम तोडली. ब्रश सोडून मातीत हात घातला तरी आतला चित्रकार गेला नाही. वहिनी म्हणते, हे व्याख्यान तिला पाठ झालंय.

प्रकृतीला जप. भट्टीपाशी एकटी राबू नकोस.

तुझा,
सेइगोदादा


ताजिमी,
१९ नोव्हेंबर १९७८

ती. दादास,
चिसेचा शि. सा. न.

पेटी सुखरूप आली. वाडगा बाहेर काढला आणि बघताक्षणी ओळखला. तुझ्याकडे हा आहे हे मला माहीतच नव्हतं. आई गेली तेव्हा आले होते, पण तेव्हा तू सगळा संग्रह गुंडाळून ठेवला होतास.

दादा, रागावू नकोस. हा मामंजींचा नाही, माझा आहे.

युद्धावरून हे परत आले नाहीत, तेव्हा मामंजींनी रंग कायमचे बाजूला ठेवले आणि आम्ही दोघांनी माती मळायला घेतली. ते घडवत, मी भट्टी सांभाळी. एका हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्याने पडून होते. चाक रिकामं बघवेना म्हणून मी बसले. बारा वाडगे केले, त्यातला हा एकच धड निघाला. मामंजींनी तो कितीतरी वेळ फिरवून पाहिला. दुकानदार पेटीवर नाव मागायला लागला तेव्हा ते म्हणाले, माझा नाही, मी लिहिणार नाही. जिचा आहे तिने लिहावं. मला धीर झाला नाही. दुकानदार तसाच घेऊन गेला. पेटी हरवली नाही रे, ती कधी झालीच नव्हती.

आणि ती आखूड खूण कुणी मुद्दाम तोडलेली नाही. मी सात वर्षांची होते, तू दहाचा. तू सरपण फोडत होतास, मी मध्ये हात घातला आणि बोटाचं पेर गेलं, आठवतं? तू चार दिवस जेवला नव्हतास. तेव्हापासून तू माझ्या हाताकडे बघणंच सोडलंस. तुला कसं ओळखू यावं?

आजवर मी चाळीसेक पेट्यांवर मामंजींचं नाव लिहिलं, सगळं खरं. इथेही लिहिलं तर कुणाला कळणार नाही आणि तुझी मान खाली जाणार नाही. तू म्हणशील तसं करीन. ब्रश भिजवून ठेवलाय, पण हात पुढे जात नाही.

वहिनींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

चिसे


मात्सुए,
२७ नोव्हेंबर १९७८

चि. चिसे हिस,
दादाचे आशीर्वाद.

पत्र वाचून पहिले दोन दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो, ते लपवत नाही. वीस वर्षं गावभर मिरवलेलं ज्ञान पोकळ निघालं. वहिनीला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग बाहीआड रडली. मला म्हणाली, त्या वाडग्याचं एवढं कौतुक केलंत, तेवढं बहिणीचं एकदा तरी केलंत का? 

काल संग्रहालयात जाऊन सांगितलं की सहाच वस्तू येतील. त्यांनी कारण विचारलं, तेही सांगितलं. तिथल्या तरुण बाईंनी वहीत तुझं नाव लिहून घेतलं आणि तिने केलेलं आणखी काही आहे का, असं विचारलं. आहे का गं?

चिसे, त्या दिवसाची कुऱ्हाड अजून माझ्या हातात आहे असं वाटतं. तुझा हात दिसला की मी नजर वळवायचो. पन्नास वर्षं बघितला नाही तो हात, आणि वीस वर्षं रोज दुपारी तोच धरून बसलो होतो.

झाकणावर तुझं नाव लिही. सासरचं, माहेरचं, कुठलंही, पण तुझं. पेटी टपालाने पाठवू नकोस. रविवारी मी स्वतः येतोय, वहिनीने काकीफळांच्या चार माळा मागितल्यात. चहा त्याच वाडग्यात कर आणि माझ्यासमोर बसून दे. या खेपेला मी हाताकडे बघेन.

तुझा,
सेइगोदादा