दोन प्यादी एकदम

प्रिय अब्बा,

ताश्कंदला सुखरूप पोहोचले, हे फोनवर सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते.

आज पंचांच्या बैठकीत प्रत्येकाला विचारलं, बुद्धिबळ कुणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं, "बाबूभाई टेलर, चंद्रपूर." हजारोंच्या सभेत न अडखळणारा माझा आवाज तेवढ्यावर अडखळला.

सहा वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या स्पर्धेत मी पंच होते आणि तुम्ही खेळाडू. पहिल्याच चालीला तुम्ही दोन प्यादी एकदम पुढे सरकवलीत, दुकानात आयुष्यभर खेळलात तशी. मी नियम सांगितला, एका चालीत एकच प्यादं. तुम्ही हसलात. "काऊन बेटी? आपल्यात पयल्या खेपेले दोन चालते. मीच तर शिकवलं तुले!" आणि पुन्हा दोन सरकवलीत. मी तुमचा डाव हरलेला जाहीर केला. एवढ्यावर थांबले नाही. बक्षीस समारंभात माइकवरून गरजले, "न्यायाला बाप नसतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्हीही वाजवल्यात. पण त्या दिवसापासून दुकानातला पट कपाटावर पडून आहे.

अब्बा, निर्णय बरोबर होता. उद्या इथेही तोच देईन. ते भाषण मात्र चुकलं.

हे पत्र पाठवणार नाही. यातही मीच बोलते आहे आणि तुम्ही नुसते ऐकता आहात. परतल्यावर दुकानात येईन आणि पट खाली काढेन. पांढरी तुमची. तुम्ही दोन प्यादी सरकवा, मग मीही दोन सरकवेन.

तुम्हीच शिकवलेली,
नाहीद