पानी जाल कुठं?

६ ऑगस्ट
दिनेश येऊन गेला. वर्गात तिसऱ्या बाकावर झोपायचा, आता जासईकडच्या आपल्या गावचा सरपंच आहे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला भाषण हवंय. "मॅडम, तुम्ही ते चिनी तत्त्वज्ञान शिकवायचात ना, राजानं कमीत कमी करावं, पाण्यासारखं राहावं... तसलं लिहा. पोरं जाम तापलीत, जरा शांत होतील." रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी कुणाला तरी माझं चिनी आठवतंय! चढले हरभऱ्याच्या झाडावर. पोरं का तापलीत तेही त्यानं सांगितलं, कंटेनर यार्डवाले खाडीकाठी भराव टाकतायत म्हणून. मी चहात आलं किसत होते.

११ ऑगस्ट
भाषण लिहून झालं. 'पाणी भांडत नाही, वाट बघतं. जिथं कुणी जात नाही त्या सखल जागी राहतं, आणि तरी जिंकतं. आपणही वाट बघू.' यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "छान आहे. पण म्हणजे करायचं काय?" म्हटलं, "काहीच नाही, तोच तर मुद्दा!" फार खूश होते मी स्वतःवर.

१५ ऑगस्ट
दि.नं गाडी पाठवली. शाल, श्रीफळ. भाषण अर्धं वाचून म्हणाला, बाकीचं मॅडमच सांगतील. भराव थांबवण्याचा ठराव होता. पुढे ताराआजी बसलेली. खाडीच्या बांधातलं दार, म्हणजे उघाडी, तिचं घर सांभाळतं. भरती आली की बंद करायची, ओहोटीला गावातलं पाणी सोडायला उघडायची, सासऱ्याच्या वेळेपासून. उभी राहून म्हणाली, "बाई, तुमचा सगला बरोबर हाय. पन दार मातीखाली गेला त पानी जाल कुठं?"
मी म्हटलं, "आजी, पाणी आपली वाट आपणच शोधतं."
टाळ्या. ठराव पुढच्या सभेवर ढकलला. आजी खाली बसली.

२३ ऑगस्ट, अमावास्या
उधाण. वर पाऊस. सकाळी मोबाइलवर गावचा व्हिडिओ आला, उघाडीच्या तोंडावर भराव. पाण्यानं वाट शोधली. खालच्या आळीत घराघरात गुडघाभर. एका दारात ताराआजी, डोक्यावर पिठाचा डबा धरून.
आणि मी चौथ्या मजल्यावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अगदी खरोखरच कोरडी. लाज वाटते, दुसरं काही नाही.

२५ ऑगस्ट
रिक्षा करून एकटीच गेले. आजी भिजलेला तांदूळ पत्र्यावर पसरत होती. वाटलं, शिव्या घालेल. "या बाई. खाटेवर बसा, खाली वल हाय." वर चहा दिला. परवा गणपती, चार विटा रचून त्यावर पाट मांडून ठेवलाय.
उघाडीचं विचारलं. "पान्याशी झगराचा नाय. त्याचा टाइम वलखाचा. पन बसून नाय रावाचा, बाय. दार आपुनच उघराचा."
तीस वर्षं फळ्यावर जे लिहीत होते ते हिनं चार वाक्यांत सांगितलं. ही रोज दोन भरत्यांना उठणार, आणि मी हिला वाट बघायला सांगून आले!
माफी मागायला गेले होते. तोंडातून निघालं काय, तर "काही लागलं तर सांगा." शी!

२९ सप्टेंबर
दि. परत. दोन ऑक्टोबरच्या सभेत ठराव येतोय. "निसर्गापुढे कुणाचं चालत नाही, असं काहीतरी चिनी असेलच ना मॅडम?"
म्हटलं, भराव का नाही थांबवलास?
"तुम्हीच म्हणालात ना, वाट बघा!"
लबाड आहे. पण हे काही खोटं बोलला नाही. त्याला निमित्त हवं होतं, ते मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. म्हटलं, भाषण मिळणार नाही, मी स्वतः येते. "वा, गाडी पाठवतो!" काय समजला कोण जाणे.

१ ऑक्टोबर
लिहिलं: 'पंधरा ऑगस्टला मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. भराव थांबवा.' यांनी वाचलं, म्हणाले, "एवढंच?" आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिलं वाक्य खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. आख्ख्या गावासमोर, माझे विद्यार्थी असतील... गाडी नको म्हणून दि.ला कळवलं.

२ ऑक्टोबर
सभा अकराला. शाल पिशवीत घेतलीय, दि.च्या टेबलावर ठेवून येईन. आत्ता आजींना फोन केला, आज मी बोलणार म्हणून.
"बोला की. पन आदी मी इचारलेल्याचा जबाब द्या, बाई. येत्या अमावशेला पानी जाल कुठं?"
रिक्षावाला खाली हॉर्न वाजवतोय. चप्पल घातलीय. उत्तर वाटेत शोधते.