मुकादमाला शब्द कळत नाहीत

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर माझं ठीक आहे.

मुकादमाने या घरात राहायचं की नाही, ते येत्या रविवारी सकाळी दहाला ठरेल. इमारतीच्या सेक्रेटरींनी काल मला जिन्यात थांबवून सांगितलं आणि दुपारी तशी चिठ्ठीही दाराखालून सरकवली. समितीसमोर अंगणात त्याने तीन गोष्टी करून दाखवायच्या: सांगितलं की बसायचं, पुढची सूचना येईपर्यंत जागचं हलायचं नाही आणि पट्टा काढल्यावर बोलावलं की यायचं. एक जरी चुकली तरी त्याला शहराबाहेरच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात पाठवायचं. सहा वर्षांचा, चाळीस किलोंचा कुत्रा तिथून कोणी घरी नेत नाही, हेही सेक्रेटरींनीच सांगितलं.

हे फोनवर सांगितलं असतं. तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही.

कारण असं झालं की गेल्या महिन्यात त्याने खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंना पाडलं. चावला नाही. मांजर दिसलं, मी "थांब, थांब" ओरडत राहिलो आणि तो त्यांच्या पायांतून गेला. बाईंचं मनगट मोडलं. मी विचारपूस करायला गेलो तर प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून म्हणाल्या, "कुत्र्याला काही बोलू नका. माझ्या वर्गात तुम्ही दोघेही मागच्या बाकावर असता."

तुझ्या खोलीवर कुत्रा चालत नाही म्हणून तू त्याला इथे ठेवून गेलीस, त्याला सात महिने झाले. या सात महिन्यांत मी त्याला रोज पन्नास वेळा "बस" म्हटलं असेल. गोडीने म्हटलं, दरडावून म्हटलं, उकडलेल्या अंड्याचा तुकडा नाकासमोर धरून म्हटलं. तो अंडं खायचा आणि उभाच राहायचा. शेवटी पैसे देऊन एक शिकवणारा आणला. त्याने तासभर घसा कोरडा केला आणि म्हणाला, "काका, हा बहिरा तर नाही ना?"

"दोन खोल्यांपलीकडे फ्रिज उघडला तरी धावत येतो."

"मग तुमच्याशी बोलायचं नसेल त्याला," असं म्हणून तो चहा न घेताच गेला.

गेल्या गुरुवारी गल्लीत सामानाचा ट्रक मागे घेत होते. मागे भिंत होती आणि ड्रायव्हरला ती दिसत नव्हती. माझा हात सवयीने वर गेला: आडवा, तळवा खाली. थांब. ट्रक थांबला, आणि शेजारी मुकादम खाली बसला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काका, ब्रेक त्याचे चांगले आहेत!"

घरी येऊन मी दार लावलं आणि एकेक खूण करून पाहिली. बोट खाली करून फिरवलं, तर तो आडवा झाला. दोन्ही हात पोटाशी गुंफले, म्हणजे क्रेनवर 'सगळं आहे तिथे राहू दे', तर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत तो हलला नाही.

तीस वर्षं मी क्रेनच्या केबिनमध्ये काढली. तिथवर आवाज पोचत नाही. खालच्या सिग्नलमनचा हात सांगेल तेच खरं. तू आठ वर्षांची असताना खुर्चीवर उभी राहून मला खुणा करायचीस आणि मी चमचा वाटीत उतरवायचो. आणि त्याच मी सात महिने कुत्र्यावर आरडाओरडा केला. असा गाढवपणा दुसऱ्या क्रेनवाल्याच्या हातून झाला नसेल.

बाईंना सांगितलं, तर त्यांनाच नवल वाटलं. "अहो, तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुमच्या मिसेसना आजारपणात ताटली वाजली तरी डोकं धरून बसावं लागायचं. मुलगी त्याला जिन्यात आणून हातवारे करून शिकवायची. मला आधी वाटलं, पोरगी मुकी आहे की काय!"

मला ठाऊक नव्हतं. आईला आवाज सोसत नाही, असं तू फोनवर म्हणाली होतीस. मी रेडिओ बारीक कर म्हणालो होतो.

आईच्या आजारपणाच्या त्या वर्षाबद्दल तुझ्याकडे एक गोष्ट चुकीची आहे आणि ती मीच सांगितलेली आहे. कंपनी मला त्या लांबच्या बंदरावरून सोडत नव्हती, हे खरं नाही. मार्चमध्ये त्यांनी मला विचारलं होतं, घरी परत जायचं का? मी आणखी सहा महिन्यांवर सही केली. केबिनमध्ये मला काम येत होतं. घरी त्या खोलीत बसून काय करायचं ते येत नव्हतं. याला कारण म्हणायचं की सबब, याचा दोन दिवस विचार केला. सबबच आहे. आई जुलैत गेली. तू मला जो दोष दिलास तो कंपनीवर ढकलून मी सुटलो.

आता कामाचं. बोलावण्याची खूण मला सापडलेली नाही आणि बाईंनाही ती आठवत नाही. क्रेनची 'इकडे आण' करून पाहिली, तर तो नुसता मान वाकडी करतो. ती तू स्वतःची ठरवली असणार. मला कळवायचं नसेल तर बाईंना कळव. त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. त्या मला दाखवतील, त्यांचा डावा हात चांगला आहे.

पत्र गुरुवारी मिळेल, असं पोस्टातल्या कारकुनाने सांगितलं. काही कळलं नाही, तर रविवारी मी दोन खुणा करीन आणि तो दोन्ही पाळेल. मग मी पट्टा काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाईन, आणि तो माझ्या हातांकडे पाहत जागेवर बसून राहील. सेक्रेटरी कागदावर लिहितील. निवाऱ्याची गाडी अकराला सांगितली आहे.

तू ये, असं म्हणायचा अधिकार मला नाही. अंगणाचं फाटक दहाच्या आधीपासून उघडं असेल.

त्या मार्चमध्ये घरी यायला मोकळा असलेला,
तुझा बाबा