लानियाप गिड्री, वय वर्षे सात

सोमवार, ९ जून

पोचलो एकदाचे. सकाळी सातला आमच्या लेक चार्ल्स गावाहून निघालो, गाडी मीच चालवली, साडेनऊला गॅल्व्हस्टनचा धक्का. वाटेत रेनेट म्हणत होती, ममा, फोनवर रस्ता लाव. मी म्हटलं, एकतीस वर्षं शाळेची बस चालवली बये, मला रस्ता शिकवू नकोस. ही वहीसुद्धा बसचीच. किती पोरं चढली, किती उतरली, कोण ओकलं, हे रोज लिहायची सवय. ती काही सुटत नाही.

आता मोजायला पोर एकच. नात जोझेट, सात वर्षांची. आणि तिची आई रेनेट, म्हणजे माझी मुलगी. जावयाचं नाव या वहीत येणार नाही. मार्चमध्ये बॅग भरून चालता झाला. पोर तेव्हापासून गप्प, म्हणून ही समुद्राची सहल.

सहल स्वस्तातली आहे, त्यात लाज कसली? खिडकी नाही, वरचे पलंग भिंतीतून ओढून काढायचे. जाहिरातीत होतं की खोलीत चौथं माणूस फुकट, आणि चौघं असाल तर खोली मोठी. आम्ही तिघीच. रेनेट फॉर्म भरताना चौथ्या नावावर अडली. मी म्हटलं, लिही काहीतरी, आयत्या वेळी आली नाही म्हणून सांगू. काय लिहू म्हणाली. मी म्हटलं, लिही लानियाप. आमच्याकडे डझनभर डोनट घेतले की दुकानदार एक वर ठेवतो, फुकट, ते लानियाप. जोझेट किती दिवसांनी खदाखदा हसली. वय काय लिहायचं, तर म्हणे माझ्याएवढंच. लानियाप गिड्री, वय सात. दिलं पाठवून.

धक्क्यावरच्या माणसाने चार कार्डं दिली. मी सांगितलं, चौथी आली नाही. तो समोरच्या पडद्याकडे बघून म्हणाला, आली की हो मावशी, चला पुढे, रांग अडवू नका. मान वर करून बघायचे कष्ट कोण घेणार! माझ्या बसवर असा मदतनीस असता तर पहिल्याच दिवशी उतरवला असता.

दुपारी जहाज बुडालं तर काय करायचं त्याचा सराव. यादी घेतलेल्या मुलीने नावं पुकारली. लानियाप म्हटल्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या मुलीने खूण करून टाकलीसुद्धा. मी म्हटलं, कोणाला बघून खूण केलीस गं? तर म्हणे संख्या जुळली, आता विषय काढू नका.

खोलीवरचा माणूस रोमुलो, हसतमुख, फिलिपिन्सचा. टॉवेलची चार माकडं करून ठेवली होती. जोझेटने चारही घेतली. जहाज सुटताना ती कठड्याशी उभी राहून अख्ख्या बंदराला हात करत होती. चला, पैसे वसूल.

मंगळवार, १० जून

दिवसभर समुद्र. पोहायच्या टाकीभोवती लोक सकाळी टॉवेल टाकून खुर्च्या अडवतात आणि स्वतः जेवायला जातात. मी तीन टॉवेल उचलून बाजूला ठेवले आणि बसले. एक बाई आली भांडायला. मी म्हटलं, टॉवेलला ऊन खायला द्यायचं असेल तर दोरीवर घाल. गेली बडबडत.

जेवणात गंबो, आमच्याकडचं भेंडीचं दाट कालवण, म्हणून टोमॅटोचं पाणी दिलं. भेंडी नाही, काही नाही. वाढणाऱ्याला सांगितलं, हे घरी घेऊन गेलास तर तुझी आई तुला हाकलून देईल. तो हसला आणि आमच्या टेबलावर चार बशा मांडून गेला. चौथी परत ने म्हटलं, तर म्हणाला, छोटीला मी आधीच विचारलंय, तिला भूक नाही म्हणते.

नंतर फोटो बघायला गेलो. जहाजात चढताना जबरदस्तीने काढतात आणि भिंतीवर लावतात. आमच्या फोटोत मी, रेनेट, जोझेट, आणि जोझेटला खेटून एक मुलगी. केस ओले, तोंड वळवलेलं. उंची जोझेटएवढीच. रेनेट म्हणाली, कोणाचं तरी पोर मध्ये घुसलंय. असेल. पण कोणाचं पोर जोझेटचा हात धरून कशाला उभं राहील? जोझेटला विचारलं. ती म्हणाली, मॉमॉ (आजीला ती मॉमॉच म्हणते), माझा हात कोणी धरलाच नव्हता.

रोमुलो चादरी बदलत होता. म्हणाला, तुमची धाकटी अगदी शहाणी, वरच्या पलंगावर चादरीची घडी मोडत नाही, ओली मात्र करते. मी दटावलं की आमची धाकटी एकच आहे आणि ती खाली झोपते. मग शिडीवर चढून हात लावून बघितला. ओली होती. जीभ लावून बघितली. खारट.

नळ गळत असेल.

बुधवार, ११ जून

कोझुमेल, पहिलं बंदर. उतरताना दारावर यंत्राला कार्ड दाखवायचं, टिंग वाजतं. मी टिंग, रेनेट टिंग, जोझेट टिंग. आणि आमच्या मागे कोणी नसताना चौथं टिंग. दारावरचा माणूस यंत्राच्या दिव्याकडेच बघत होता. चेहऱ्याकडे बघतच नाही हा माणूस. चार, म्हणाला, मजा करा.

किनाऱ्यावर बरं गेलं. जोझेटने शिंपल्या गोळा केल्या. मी सवयीने डोकी मोजत होते. तिघी. दर वेळी तिघी.

परत चढताना मी टिंग, रेनेट टिंग. जोझेटने कार्ड लावलं तर दारावरचा म्हणाला, ये लानियाप.

मी म्हटलं, ही जोझेट आहे. तो म्हणाला, जोझेट गिड्री अर्ध्या तासापूर्वीच वर गेली. कार्ड हिसकावून बघितलं. त्यावर लानियाप लिहिलेलं. सकाळी मी स्वतः पोरीच्या गळ्यात अडकवलं तेव्हा जोझेट होतं. चष्मा लावून वाचलं होतं.

काउंटरवर गेले. तिथली पोरगी गोड बोलून अंगावर काटा आणते. म्हणाली, यादी बरोबर आहे. व्हर्नेल म्हणजे तुम्ही, रेनेट, जोझेट, तिघी वर आल्या. आणि ही तुमची फुकटातली पाहुणी, तीही वर आली. अजून काय हवंय? मी म्हटलं, ते नाव आम्ही गंमत म्हणून लिहिलं होतं, असं कोणी नाही. ती जोझेटकडे बोट दाखवून म्हणाली, नाही कशी? ही काय.

रेनेट मध्येच निघून गेली होती, खोलीवर भेटली. म्हणाली, कार्डाची अदलाबदल झाली असेल, एवढ्यातेवढ्यावरून तमाशा करू नकोस ममा. तमाशा मी कधी करत नाही. पण सांगून ठेवते, हे चुकून झालेलं नाही.

गुरुवार, १२ जून

दुसरं बंदर. सकाळीच जोझेटला उठवलं, इथेच उतरायचं, बसने जाऊ, चालत जाऊ, कसंही. यंत्राने लाल दिवा दाखवला. दारावरचा म्हणाला, हिला उतरता येणार नाही, हिचे कागद नाहीत. मी म्हटलं, जन्मदाखला आहे, माझ्या मुलीच्या पिशवीत. तो म्हणाला, तो जोझेटचा.

मग काउंटरवर. सरळ विचारलं, परवा गॅल्व्हस्टनला काय करणार? पोरगी म्हणाली, कागद नाहीत त्याला कुठेच उतरवत नाही. फुकट दिलेलं ते जहाजाचं असतं, मावशी. घरी न्यायचं नसतं.

मी काउंटरवर हात आपटला. दोन गणवेशवाले आले. हात लावला नाही, फक्त जोझेटच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. मी पोरीला उचललं आणि निघाले.

रेनेटला शोधायला टाकीपाशी आले. ती खुर्चीत बसली होती, समोर एक मुलगी पाठ करून, आणि रेनेट तिची वेणी घालत होती. अंगात जोझेटचा पिवळा फ्रॉक. वेणीतून पाणी निथळत होतं, थांबतच नव्हतं, रेनेटच्या मांडीवर, खुर्चीखाली. भर दुपारचं ऊन. बाजूचे लोक आइसक्रीम खात होते. कोणी बघत नव्हतं.

मी हाक मारली. रेनेटने माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघितलं आणि हसून म्हणाली, ममा, ही कोणाची गं? हरवलीय का? तिच्या आईकडे नेऊन दे, बिचारी शोधत असेल.

जोझेट रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

शुक्रवार, १३ जून

पोरीचा हात सोडलेला नाही. रेनेटशी दोनदा भांडले. हिच्या हनुवटीवरची खूण दाखवली, सायकलवरून पडली तेव्हाची. रेनेटने बघितली, कपाळाला आठ्या घातल्या, क्षणभर वाटलं आठवलं — तेवढ्यात दुसरीने मागून तिचा झगा ओढला. रेनेट वळली. झालं.

दुसरीचं तोंड अजून नीट बघितलेलं नाही. बघायला गेलं की वळतं. बोलते जोझेटच्या आवाजात. पण मॉमॉ म्हणत नाही. मला हाकच मारत नाही.

भोंग्यावरून दर तासाला सांगतात, लानियाप गिड्री, तिसऱ्या मजल्यावर या. लोक टाळ्या वाजवतात, त्यांना वाटतं बक्षीस लागलं.

रोमुलोला धरलं. तो आता हसत नव्हता. इकडेतिकडे बघून म्हणाला, मावशी, खूप कुटुंबं लिहितात असं नाव. पूर्वी नाव यादीत नुसतंच राहायचं, आता त्या नावाने कोणीतरी येतं. जहाजाला संख्येशी मतलब, चढलेली आणि उतरलेली. चार चढले तर तीन उतरतील, फुकटातलं एक ठेवतात. कोण ठेवलं, ते बघत नाहीत. — बोलला आणि गाडी ढकलत निघून गेला, मी हाक मारली तरी थांबला नाही.

पोरीला विचारलं, तुझं नाव काय? तिने विचार केला.

विचार केला तिने. स्वतःच्या नावाला.

पेनाने तिच्या तळहातावर लिहिलं. जोझेट. पाच मिनिटांत पुसलं. हात कोरडा होता, तरी पुसलं. परत लिहिलं —

शनिवार, १४ जून

गॅल्व्हस्टन दिसतंय. रांगेत उभं राहून लिहितेय. रेनेट आणि ती दुसरी पुढे. पाण्याचा माग सगळ्या रांगेतून, लोक ओलांडून चालतात.

गणवेशवाले दोघे दाराशी. पोरीकडे बघतायत.

कोण ठेवलं, ते बघत नाहीत. रोमुलो म्हणाला तेच. दारावरचा दिव्याकडे बघतो. मी पाच दिवस त्याला शिव्या घातल्या, बघत नाही म्हणून. आज बघू नये —

माझं कार्ड तिच्या गळ्यात घातलं. तिचं माझ्या. सांगितलं, टिंग वाजलं की पळ, मागे बघायचं नाही, आईचा झगा घट्ट धर. आई ओळखणार नाही, तरी सोडायचा नाही. सारखं सांग, मी तुझी जोझेट. शंभरदा सांग, ओरडून सांग. ती म्हणाली, मॉमॉ, मी कोण ते परत एकदा सांग ना. सांगितलं. तीनदा सांगितलं.

रेनेट टिंग. दुसरी टिंग.

हिरवा. हिरवा झाला. गेली —

धक्क्यावर दिसतेय. झगा धरलाय. रेनेट हात झटकत होती, आता झटकत नाही. खाली वाकून बघतेय तिच्याकडे. हनुवटीकडे. दुसरी बाजूला उभी — रेनेट दुसरीकडे बघत नाहीये —

मागे वळून कोणी बघितलं नाही. बरं झालं. मीच सांगितलं होतं.

लाल दिवा.

दोघे माझ्या दोन बाजूंना. हात लावत नाहीत. काउंटरवरची आली, गोड हसते. ये गं राणी म्हणते, भिऊ नकोस. मी म्हटलं मला अगं म्हणू नकोस, अडुसष्ट वर्षांची आहे, एकतीस वर्षं बस चालवली. ती म्हणाली, हो हो. नाव सांग बरं तुझं.

सांगते की. व्ह

पुढे काय ते — वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, थांब, बघून सांगते — पान ओलं झालंय, शाई —

व्ह