एकुलता आकडा

२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकट्या,

कसा आहेस? कंबर काय म्हणते? दिवसभर लेथपुढे उभं राहणाऱ्यांची कंबरच आधी जाते म्हणतात. मी बरी आहे. खोली हवेशीर आहे, खिडकीतून समोरच्या दवाखान्याची भिंत दिसते. परवा शाळेतून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं गणित शिकवलं. भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते अजून खोक्यातच आहे.

पण घड्याळाचं सांगायला कागद घेतलेला नाही.

३८१६५४७२९०. आठवतो? बाबा ऑफिसातून ते कोडं ऐकून आले होते. शून्य ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनाने भाग जायला हवा, पहिल्या तिनांच्या संख्येला तिनाने, असं थेट दहापर्यंत. मी चार दिवस डोकं फोडलं आणि नाद सोडला. तू माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण पाठकोऱ्या कागदांवर मांडत राहिलास. "ताई, शून्य शेवटीच येणार आणि पाच पाचव्या जागी. पुढचंही जमतं गं, पण सातापाशी सगळे गळतात." दहा आकडे उरले होते, त्यातले नऊ गळले. "असा एकच आहे बघ," म्हणालास आणि आंघोळीला गेलास.

तेवढ्यात मी तो कागद बाबांना दाखवला. "कुणी सोडवलं?" त्यांनी विचारलं. मी "मी" म्हणाले.

जेवताना बाबा माझं कौतुक करत होते. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मीठ दे."

पुढे एकालाच शिकवणं झेपणार होतं. मी कॉलेजात गेले, तू वर्कशॉपात.

दरवर्षी वर्गात मी तो आकडा माझा म्हणून सांगितला. निरोपाच्या दिवशीही सगळे म्हणाले, "बाई, तो किस्सा होऊन जाऊ दे." उभी राहिले आणि तोंडून निघून गेलं, "तो माझ्या भावाने शोधला. मी चोरला." मग मोठ्या बाई म्हणाल्या, "बघा, किती हा साधेपणा!" आणि टाळ्या पडल्या. मीही हसले रे त्यांच्याबरोबर. घरी येऊन दार लावलं, तर हे सांगायला कुणीच नव्हतं.

बारा वर्षांत तू माझ्याकडे एकदाही आला नाहीस. "त्याला कामातून सवड नसते," असं मी शेजारणीला सांगते.

"माफ कर" लिहिलं होतं, खोडलं. कागदावर ते फार स्वस्तात जातं. रविवारी सकाळच्या बसने येतेय. तुझ्या बायकोला आणि लेकीला तुझ्यासमोर सगळं सांगेन. चहा नाही विचारलात तरी चालेल. दार उघडलं नाहीस, तर पायरीवर थोडी टेकेन आणि परतीची बस धरेन.

तू अजून म्हणत असलास तर,
ताई