वरवंट्याची कुंची

॥ श्री ॥

देऊळघाट,
ता. २८ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
सरस्वतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हॅलो हॅलो करतेस आणि मी घसा फोडते, म्हणून आपला कागदच बरा. इकडे सर्व खुशाल. योगिनीच्या लेकीनं छान बाळसं धरलंय. जावळ दाट आहे आणि डोळे टक्क उघडे ठेवून घरभर बघते. सव्वा महिना झाला की बारसं तिच्या सासरी, खामगावला करायचं ठरलंय. बुलढाण्याहून बोथ्याच्या जंगलातून गाडीनं जाणार. तू धाडहून परस्पर ये. गोकुळला गाडी काढायला सांग आणि छकुलीलाही आण. नातीवाचून तुझा पाय निघायचा नाही, हे मला ठाऊक आहे.

पण अक्का, मी रुसले आहे. जावई परवा एक खुर्ची घेऊन आले. तान्ह्या मुलांची, गाडीत मागच्या सीटवर बांधायची, तीही उलटी. म्हणजे बाळाची पाठ रस्त्याकडे आणि तोंड मागच्या काचेकडे. मी म्हटलं, काऊन बा, माह्या मांडीले काटे हायेत का? तर कुलदीपराव हसून म्हणाले, आई, तुमची मांडी चांगलीच हाय, पण गाडी ठोकली तं हातात जोर राहत नाही. मी रात्री बसून गोधडी शिवली होती, जुन्या लुगड्याची, मऊसूत. ती खुर्चीत घातली तर योगिनीनं काढली. म्हणे पट्टे सैल पडतात, बाळाला बांधून झालं की वरून पांघरू. आपल्या आईच्या मांडीवर सगळा गाव वाढला आणि माझ्या मांडीला आता परवानगी नाही. दोन घास कमी जातात बघ.

बारशाला आपला वरवंटा मी नेणार आहे. तुझं, माझं, योगिनीचं, सगळ्यांची बारशी त्याच वरवंट्यानं झाली. त्याला बाळासारखी कुंची घालायची, ती मी नवी शिवलीय, लाल, जरीच्या काठाची.

तुझा आशीर्वाद असू दे, रागावलीस तरी असू दे.
तुझी,
सरस्वती

॥ श्री ॥

धाड,
ता. ४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सरस्वतीस,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचून खूप हसले. गोकुळ म्हणाला, काय झालं वं माय, तर त्यालाही वाचून दाखवलं. छत्तीस गुणांचा जावई मिळाला आणि तू गोधडीवरून रुसतेस! तरी माझंही मत तुझ्यासारखंच आहे. योगिनीला आपण बुलढाण्याच्या दवाखान्यातून भाड्याच्या जीपमध्ये कोंबून आणली, ती तुझ्या कुशीत झोपूनच आली. आमची छकुली तर पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर उभी राहते. बाजाराला जाताना हॉर्न तीच वाजवते. काही झालं का?

एक युक्ती सांगते. बाळ देत नसतील तर त्या वरवंट्यालाच कुंची घाल आणि मांडीवर घेऊन बस. तो काही रडायचा नाही आणि तुझी मांडीही रिकामी राहायची नाही. जावयाला म्हणावं, हा तरी माहा हाय ना?

माझे गुडघे ठीक नाहीत, बारशाला येणं जमायचं नाही. झबलं पाठवते. लेकरांना पापा. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझी,
अक्का

॥ श्री ॥

देऊळघाट,
ता. १९ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच, मग पुढचं. बाळ सुखरूप आहे. योगिनी, जावई, मी, सगळे सुखरूप आहोत. बारसंही झालं, नाव समता ठेवलं. आता बैस आणि सावकाश वाच.

निघताना मी वरवंटा पिशवीत घेतला होता. कुलदीपरावांनी तो माझ्या पायाशी ठेवायला सांगितला आणि पिशवी सीटखाली सारून दिली. योगिनी पुढं बसली, बाळ माझ्या डाव्या हाताला त्या खुर्चीत, पट्टे चापून बांधलेलं, वरून माझी गोधडी. मी मध्ये. मलाही पट्टा लावला, तेव्हा मी पुन्हा फुरंगटले. बुलढाणा मागं पडलं आणि मला तुझी युक्ती आठवली. हळूच वाकून वरवंटा काढला, कुंची घातली, मांडीवर आडवा घेतला, वरून पदर टाकला. अक्का, तो आपल्या बाळाएवढाच जड लागला. मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट कवळून बसले. मनात म्हणत होते, बघा, असं धरते मी. माझ्या हातून कोण सोडवून नेईल?

बोथ्याच्या वळणावर सागाच्या झाडीतून एक रोही रस्त्यात आला. घोड्याएवढा, निळसर, नीलगाईचा नर, एकदम समोर. कुलदीपराव जोरात चालवत नव्हते. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि बाजूच्या मातीच्या ढिगावर जाऊन धडकली. तेवढंच. डोळ्याची पापणी लवावी इतकंच.

आवाज थांबला तेव्हा मी मांडीकडे पाहिलं. माझे दोन्ही हात तसेच होते, कवळलेले. पण त्यात फक्त कुंची होती. लाल, जरीच्या काठाची, रिकामी. वरवंटा माझ्या हातातून निघून, दोघांच्या सीटांच्या मधून पुढं गेला होता. गाडीचा रेडिओ फोडून काचेवर आदळला होता. काचेभर चिरा. अर्धा हात इकडे किंवा तिकडे असता तर योगिनी किंवा जावई, कोण राहिलं असतं, हे मला लिहवत नाही. तो कधी सुटला, मला कळलंसुद्धा नाही, अक्का. मी सोडला नव्हता. देवाशपथ, मी सोडला नव्हता.

मग मान वळवून बाळाकडे बघायची हिंमत होईना. योगिनी किंचाळत होती, आई बाळ, आई बाळ. शेवटी पाहिलं. ती त्या खुर्चीच्या खोबणीत पाठ टेकून होती, पट्टे छातीवर जिथल्या तिथं, गोधडी तेवढी खाली पडलेली. डोळे टक्क उघडे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. तिच्या जिभेचं टोक दिसलं, गुलाबी. त्यानंतर रडली, सरळ भुकेनं रडली. मी आयुष्यात देवळं पुष्कळ पाहिली, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. बाहेर तो रोही रस्त्याच्या कडेला उभा राहून आमच्याकडे बघत होता. मग झाडीत गेला. सगळं जंगल गप्प होतं आणि ती एकटी रडत होती. हा देवाचा हात की त्या पट्ट्यांचा, मला ठरवता येईना. मी दोन्हीला हात जोडले.

जावयाचा ओठ फुटला, योगिनीच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उमटला. कुलदीपरावांनी माझा पट्टा सोडवला आणि हात धरून मला उतरवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. दवाखान्यात बाळाला तपासून घेतलं, सगळं ठीक. खुर्ची धक्का खाल्लेली म्हणून आता दुसरी घेणार आहेत.

बारशात वरवंटा पाळण्याखालून या हातातून त्या हातात फिरला. टोकाचा टवका उडालाय. माझ्या हातात आला तेव्हा मला तो धरवेना, विहीणबाईंनी पटकन खालून हात लावला. ती लाल कुंची मात्र मी त्याला घालू दिली नाही. ती माझ्याजवळ आहे.

अक्का, युक्ती तुझी होती पण चूक माझी. तू मनाला लावून घेऊ नकोस. फक्त छकुलीला पुढं उभी करू नकोस. तुझ्या हातात माझ्यापेक्षा जास्त जोर नाही. कुणाच्याच नाही.

माया असू दे.
तुझी,
सरस्वती

॥ श्री ॥

धाड,
ता. २६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सरस्वतीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. छकुली समोर खेळत होती, तिला जवळ ओढून घेतलं.

गोकुळला पत्र वाचायला दिलं. त्यानं वाचलं आणि तो बाहेर जाऊन गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याहून छकुलीच्या मापाची खुर्ची आणली. रविवारी बाजाराला निघालो. ती मागं पट्ट्यात, मी तिच्याशेजारी पट्ट्यात. देऊळघाटच्या आजीसारखीच रुसली, हॉर्न कोण वाजवन म्हणून रडली. मी तिला रडू दिलं. वाटभर माझी मांडी रिकामी होती आणि मी तिच्याकडे बघत होते. पोर रडतेय, हेच इतकं मोठं वाटत होतं.

पुढच्या महिन्यात गुडघे ओढत का होईना, समताला बघायला येते. तोवर एक काम कर. ती लाल कुंची मला पाठव. धुऊ नकोस, इस्त्री करू नकोस. गोकुळच्या गाडीत पुढच्या सीटच्या पाठीला टांगणार आहे. कुणी बाई लेकरू मांडीवर घेऊन बसायला आली, की मी तिला काही सांगायची नाही. ती रिकामी कुंची काढून तिच्या हातात देईन आणि म्हणेन, धर, घट्ट धर.

लहानीला माझा पापा. या थोरल्या बहिणीवर लोभ ठेव.
तुझी,
अक्का